निळ्या जॅकेटवाला

सेरेना उडी मारून, चेंडू जाळीत टाकून खाली आली आणि मानवेलने श्वास रोखला. ती उजव्या पायावर उतरली होती. डावा तिने नुसता टेकवला.

कुणाच्या लक्षात आलं नसावं. त्याने पुढच्या रांगेतल्या निळ्या जॅकेटवाल्याकडे पाहिलं. पाठीवर अमेरिकेतल्या त्या कॉलेजचं नाव पांढऱ्या अक्षरांत होतं. माणूस टॅबलेटवर काहीतरी टिपत होता.

"हे नको टिपूस, बाबा. पुढचं बघ," मानवेल पुटपुटला.

"मराठी?" शेजारून आवाज आला.

एक खुर्ची सोडून एक बाई बसली होती. पन्नाशीची, उंच, साधा करडा स्वेटर, मांडीवर कापडी पिशवी. मेलबर्नच्या टार्निट उपनगरातल्या या स्टेडियममध्ये देशी आईबाप पुष्कळ, पण मराठी कानावर पडलं की मानवेलला अजूनही राहवत नसे. तो मधल्या खुर्चीवर सरकला.

"मी मानवेल. वसईचा."

"शाल्मली. ठाण्याची. म्हणजे मूळची."

"मग शेजारीच की! तुमची कोण खेळतेय?"

"माझी कुणी नाही. एका मुलीला बघायला आलेय."

"अहो, स्थळं आता बास्केटबॉलच्या मॅचला बघतात का?"

ती मनापासून हसली. "उंच हवीय ना."

मानवेलही हसला. मागच्या शुक्रवारपासून तो हसला नव्हता.

"ती सात नंबर माझी. सेरेना," तो म्हणाला. "आणि तो जॅकेटवाला तिच्यासाठीच आलाय. आज त्याला पसंत पडली की करारावर सही."

"छान खेळते."

"नुसतं खेळून भागत नाही हो आता. पूर्वी ही कॉलेजं फी माफ करायची, राहायला खोली द्यायची, संपलं. आता येतानाच बुटांची कंपनी बरोबर घेऊन येतात. पोरीने तिकडे खेळायचं आणि पोस्टरवर त्यांचे बूट घालून उभं राहायचं. शूटिंग मात्र जायच्या आधी इथेच, मेलबर्नला. तिकडे स्टुडंट व्हिसावर काम करता येत नाही म्हणे. सगळं आधीच ठरवून ठेवलंय त्यांनी."

"आणि अभ्यास?"

"अभ्यासाचं कोण विचारतो? फोनवर पहिला प्रश्न, इन्स्टावर किती लोक आहेत."

शाल्मली सेरेनाच्या पायांकडे बघत होती.

"डाव्या पायावर उतरत नाही ती," ती हळूच म्हणाली.

मानवेल गर्रकन तिच्याकडे वळला. "तुम्हाला कसं कळलं?"

"मीही खेळायचे. गुडघा आहे का?"

त्याने पुढे पाहिलं. जॅकेटवाल्याची मान टॅबलेटमध्ये. आणि मराठीत तर त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं असतं तरी त्याला ओ की ठो कळलं नसतं. आठवडाभर हे मानवेलच्या छातीवर बसलं होतं. सांगायला घरात माणूस नव्हतं, बाहेर नव्हतं.

"कुणाला बोलू नका हां," तो म्हणाला.

"मानवेल, त्याआधी मी जरा—"

सेरेनाने चेंडू हिसकावला, स्टेडियम ओरडलं, शाल्मलीचं वाक्य त्यात बुडालं. मानवेल तिच्याकडे झुकला.

"मागच्या शुक्रवारी ट्रेनिंगला मुरगळला. सूज उतरतच नाही. फ्रँकीला, म्हणजे क्लबच्या कोचला, सर्दी झालीय म्हणून ट्रेनिंगला येत नाही, असं सांगितलं. घरी बायकोला, इव्हालाही पत्ता नाही. ती नर्स, हातोहात एमआरआय करायला लावेल. आणि रिपोर्ट आला की तो या कॉलेजवाल्यांना दाखवावा लागणार. लंगड्या पोरीला कोण बूट घालायला देतो, सांगा? म्हणून ती लांब टाइट्स. आत गुडघ्याला पट्टा आहे. मघाशी गाडीत दुखण्याच्या गोळ्या दिल्यात, मॅचपुरत्या."

"ती काय म्हणते?"

"ती म्हणते, 'आय्म गुड, डॅड.'" मानवेल कोर्टाकडे बघत राहिला. "लहानपणापासून तेच. सायकलवरून पडून दात तुटला, तेव्हाही तेच म्हणाली होती."

शाल्मलीने पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

शेवटचं मिनिट. सेरेनाची टीम एका पॉइंटने मागे. चेंडू तिच्याकडे आला. दोघी अंगावर धावल्या, ती त्यांच्यामधून घुसली, उंच उडाली. चेंडू जाळीतून खाली आला आणि ती डाव्या पायावर.

भोंगा वाजला. सगळे उभे राहिले. सेरेना जमिनीवरच होती, एक हात गुडघ्यावर.

"ऊठ," मानवेल म्हणाला. "ऊठ गं माझी बाय. ऊठ."

जॅकेटवालाही उभा राहिला होता.

ती उठली. बापाला शोधून अंगठा दाखवला आणि हसली. जॅकेटवाल्याने जोरात टाळ्या वाजवल्या.

"पाहिलंत?" मानवेलच्या डोळ्यांत पाणी आलं. "टाळ्या वाजवल्या त्याने!"

"पाहिलं." शाल्मली उठली. तिने टाळ्या वाजवल्या नव्हत्या. "मानवेल, सोमवारी एमआरआय करून घ्या. आणि इव्हाला आजच सांगा. घरी गेल्या गेल्या."

"करणार ना. एकदा सही होऊ दे." त्याने तिचा हात हातात घेतला. "बरं झालं तुम्ही भेटलात. आपल्या माणसाशी बोललं की हलकं वाटतं बघा. एकदा जेवायला या, इव्हाच्या हातचं माशाचं कालवण खाऊन बघा. अरे हो, तुमची मुलगी राहिलीच! पडली का पसंत?"

शाल्मली त्याच्या खांद्यावरून मागे बघत होती.

निळ्या जॅकेटवाला पायऱ्या चढून त्यांच्याच दिशेने येत होता. मानवेलने शर्ट सारखा केला, घाम पुसून हात पुढे केला. त्या माणसाने हसून तो हातात घेतला, सोडला, आणि वाकून शाल्मलीची कापडी पिशवी उचलली.

"कोच," त्याने इंग्रजीत विचारलं, "सेरेनाला काय सांगू?"