पांढरखडकाला गाऱ्हाणं

पांढरखडकापासून शंभर हातांवर भिकाजी कुबलांनी होडीचं इंजिन बंद केलं. बेटावर माणूस राहत नव्हता, पण पाखरं हजारोंनी होती, आणि त्यांना विचारल्याशिवाय तिथे पाय ठेवायचा नाही, असा आता कायदा होता. बेटाजवळ पाण्यावर तरंगणाऱ्या बोयावर एक यंत्र होतं. ते माणसांचं बोलणं पाखरांना आणि पाखरांचं माणसांना पोचवायचं.

बेटावरच्या देवाला वर्षातून एकदा नारळ द्यायची गावाची रीत. नऊ वर्षं भिकाजी विचारत होते, "येव काय?" नऊ वर्षं यंत्राच्या पाटीवर एकच शब्द उमटत होता: नाही.

"बाबा, औंदा तरी पाखरां व्हय म्हणतली मा?" त्यांची मुलगी जयवंती हातातला नारळ सावरत म्हणाली.

भिकाजींनी दुर्बीण लावली. देवाच्या पाषाणावर, जिथे नारळ फोडायचा नेमका तिथेच, एक सुरय पक्षीण पिल्लाला पंखाखाली घेऊन बसली होती. ते बघतच राहिले. मग होडीत उभं राहून त्यांनी खणखणीत गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! तुझ्या ह्या लेकरांक उंदराचो, मांजराचो, आमचो, कोणाचोच उपद्रव होव नये रे म्हाराजा!"

गावात असते तर गाऱ्हाण्याला शंभर गळ्यांनी "व्हय म्हाराजा!" अशी साथ दिली असती. इथे क्षणभर नुसत्या लाटा वाजल्या. आणि मग अख्ख्या बेटावर कलकलाट उसळला.

"बाबा! पाटी बघा, पाटी!" जयवंती किंचाळली.

पाटीवर लिहिलं होतं: होय.

भिकाजींनी तिच्या हातातला नारळ घेऊन हलकेच दर्यात सोडला.

"होडी फिरव गो," ते हसत म्हणाले. "होकार मिळालो."