पिवळ्या उजेडातलं कुंकू

सत्यवान सरांचा जीव रमायचा तो मालवणच्या नव्या कॉलेजातल्या अंधाऱ्या खोलीत. खिडक्यांना काळे पडदे, टेबलावर वर्णपटाच्या प्रयोगांचा सोडियमचा दिवा. त्याचा उजेड निव्वळ पिवळा. लाल रंगाला त्यात थाराच नाही. लाल शाईसुद्धा काजळासारखी काळी दिसायची.

झाडू मारायला येणाऱ्या कृष्णाबाईकडे ते फक्त याच उजेडात मान वर करून बघू शकत. इथे तिचं कुंकूही काळं पडे.

तिचा नवरा काशीराम बुडाला तेव्हा होडीत दुसरे फक्त सत्यवान होते. उलटलेल्या होडीपाशी काशीरामने धरलेलं वल्हं त्यांनी स्वतःसाठी हिसकावून घेतलं होतं. गावाला सांगितलं, लाटेनं नेला. मढं मिळालंच नाही. कृष्णाबाई एवढंच म्हणाली होती, "तो येवन खरा काय ता सांगीपर्यंत मी कुंकू पुसूचंय नाय."

आज दुपारी ती आत आली आणि सरांच्या हातातलं भिंग निसटलं. तिच्या कपाळावर कुंकू लालभडक दिसत होतं.

त्यांनी घाईघाईने लाल शाईची दौत दिव्यासमोर धरली. शाई काळीच होती. प्रिझममधून पाहिलं, रोजच्याच दोन पिवळ्या रेषा, बाकी काळोख. मान वर केली. कुंकू लालच.

"वयनी," त्यांनी विचारलं, "आज कसला कुंकू लावलंस?"

इतकी वर्षं 'सर' म्हणणारी कृष्णाबाई झाडू भिंतीला टेकवून हसली.

"खंयचा कुंकू रे सत्यवाना? ता मी सकाळीच पुसलंय."