निवेदिका

वाशीच्या एका सभागृहात शौनकच्या कादंबरीचं प्रकाशन होतं. कादंबरीतली मुलगी ऑटिस्टिक आहे आणि सगळी गोष्ट तीच सांगते. शौनकने ती आपल्या धाकट्या बहिणीवरून, क्षिप्रावरून लिहिली होती. म्हणून क्षिप्राला मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं होतं.

त्याने आईच्या मृत्यूचं पान वाचायला घेतलं. "आईला नेलं. सगळे रडत होते. मी पंख्याची पाती मोजत होते. मला काहीच वाटलं नाही."

क्षिप्रा उठली आणि थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, हे खोटं आहे. मला वाटलं होतं. मी आईचा पाय सोडत नव्हते. तूच माझी बोटं एकेक करून सोडवलीस. नंतर किती दिवस मी जेवले नाही, तुला माहितीये ना?" बोलता बोलता तिचा आवाज चिरकला.

शौनक तिच्या खांद्यावर हात ठेवून माइकमध्ये हळुवारपणे म्हणाला, "हिला काय वाटतं, ते हिला कळतच नाही. म्हणून तर मला हे पुस्तक लिहावं लागलं."



लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.