कोरडी टाकी

बंब शेतात उतरला तेव्हा सगळं गाव बांधापलीकडे उभं होतं. वारा पाठीशी घेऊन, पडलेल्या विमानापासून चांगलं लांब. कुणाच्या तोंडात सिगरेट नाही, कुणाच्या हातात मोबाइल नाही. ते बघून बंबावरच्या पुलोचा ऊर भरून आला.

हे त्यानंच शिकवलं होतं. मागे उसात असंच एक शिकाऊ विमान पडलं होतं. वाचवायला दोघे भाऊ धावले आणि पेट्रोलच्या भडक्यात वैमानिकासकट त्यांचा कोळसा झाला. तेव्हापासून हा अग्निशमनवाला दर रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या दारातच लोकांना गाठायचा. "आम्ही येईपर्यंत जवळ जायचं नाही. सख्खा भाऊ आत असला तरी नाही." लोक हसायचे. पाद्री परवडला, पण याचं प्रवचन नको, म्हणायचे. पण ऐकायचे. शेवटी तो सगळ्यांचा मानोंग, गावाचा थोरला भाऊ; थोरल्या बहिणीला मानांग म्हणतात, तसं.

गावचा कप्तान, म्हणजे सरपंच, दुमलाव पुढे आला.

"मानोंग, एकानंही पाऊल टाकलं नाही. मानांग एर्मी तेवढी ऐकेना. चौघांनी धरून ठेवली तिला."

"पूल बंद, वळसा पडला आम्हाला. आत कोण आहे?"

"तिचाच रेनांते. रोज घरावर फेरी मारायचा ना, आईला पंख हलवून दाखवायला? आज फारच फेऱ्या मारल्या. मग इंजिनच गप्प झालं." कप्तानानं मान खाली घातली. "बराच वेळ हाका मारत होता, मानोंग."

पुलो धावला. आधी बॅटरीचा खटका बंद केला, मग पोराच्या मानेला हात लावला. नाडी नव्हती. अंग अजून ऊबदार होतं. मांडीची शीर तुटली होती. बाकी कुठे फारसं लागलेलं नव्हतं. एखाद्या टॉवेलनं मांडी करकचून बांधली असती तर पोर जगलं असतं. आणि कापणीवरून तसेच धावत आलेले ते सगळे. प्रत्येकाच्या खांद्यावर घाम पुसायचा टॉवेल होता.

मग त्याच्या लक्षात आलं, पेट्रोलचा वासच येत नाही. पंख फाटला होता, पण त्याखालची माती कोरडी ठक्क. त्यानं दोन्ही पंखांतल्या टाक्यांची झाकणं काढून आत काडी घातली. काडी कोरडीच वर आली. बंबाचा ड्रायव्हर नेस्तोर शेजारीच होता, त्यानंही पाहिलं. पेट घ्यायला तिथे थेंबभर पेट्रोल नव्हतं.

पुलोनं एवढी वर्षं घसा फोडून शिकवलं, ते आज या पोराच्या मुळावर आलं.

तो कसाबसा बांधापर्यंत आला. एर्मी तिथे उभी होती. मनगटांवर बोटांचे वळ उमटलेले. ती रडत नव्हती. पुलोचा चेहरा पाहूनच तिला कळलं होतं.

"मानोंग," ती म्हणाली, "मी गेले असते तर पेटलं असतं ना?"

तिला धरून ठेवणारे चौघे मागेच उभे होते. तेही त्याच्या तोंडाकडे बघत होते. आगीच्या बाबतीत पुलो जन्मात खोटं बोलला नव्हता.

"पेटलंच असतं, मानांग. टाक्या गच्च भरल्यात. तुम्हीही जळाला असता आणि तोही. अजून धोका आहे, मागे व्हा."

एर्मीनं डोळे मिटले. मग तिला रडू फुटलं. चौघांतल्या एकानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

पुलो वळला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडला, "नेस्तोर, बघतोस काय? पंखांवर फेस मार. बंब रिकामा होईपर्यंत मार."