दुसरी टाकी

घराण्याची खरी उंची टाकीवरून मोजावी, असं पांढुर्ण्याच्या केशवरावांचं ठाम मत होतं. हे मत होऊन दीड महिना झाला होता. पिकअपला डिझेलची दुसरी टाकी बसवूनही तेवढेच दिवस झाले होते. त्याआधी ते कुळ, शेती आणि संत्र्याची झाडं बघत.

शहाऐंशीच्या फाल्गुनात ते मुलाला, उत्तमला, घेऊन सौसरला बापूजींच्या अंगणात सोयरिकीसाठी बसले होते. उत्तमला तीन घरांनी नकार दिला होता. पोरगा बोलतच नाही, अशी तिन्ही घरांची तक्रार. चौथं घरही गेलं तर गावात तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती. म्हणून या खेपेस केशवरावांनी पोराऐवजी गाडीला पुढे केलं होतं. बापूजींची मुलगी अनुराधा आली, नाव सांगून आत गेली. मग सगळे प्रश्न फाटकाबाहेरच्या पिकअपलाच विचारले जाऊ लागले.

"एका टाकीत कुठवर जाते जी?" बापूजींनी विचारलं.

"एका?" केशवराव हसले. "पाहुणे, दोन हायेत. एक कंपनीची, अन् एक नागपूरच्या कबाडातून ट्रकची आणून बसवली. दोन्ही फुल्ल केल्या का नागपूरच्या तीन चकरा. पंपाचं तोंड पाह्याचं कामच नाही."

बापूजींनी नुसती मान हलवली. माणूस कडक. संत्र्याचा सौदासुद्धा ते दोनदा मोडून मग करत.

तेवढ्यात दाराआडून देवकाबाई, अनुराधाची आई, पुढे आल्या.

"नागपूरच्या तीन, म्हंजे सौसरच्या किती?"

"सौसरच्या?" केशवरावांची कळी खुलली. "सात तं उभ्याउभ्या! सौसर काय जी, शेजारच."

"मंग झालं तं. महिन्यातून एक चक्कर पोरीले माहेरी आनून सोडाची."

केशवरावांची चहाची बशी ओठांपाशीच थांबली. बढाईला डिझेल लागत नाही, चकरेला लागतं, हा फरक त्यांच्या आत्ता ध्यानात आला.

"तसं नाही बाई," ते म्हणाले. "हंगामात गाडी संत्र्यात गुतली राह्यते. रोज नागपूर."

"संत्रा रोज नागपूरले जाते, अन् पोरगी महिन्यातून एकदा सौसरले नाही येत? संत्र्याहून गेली का माही पोरगी?"

केशवरावांनी आशेनं बापूजींकडे पाहिलं. बापूजी खांबाकडे पाहत होते.

"आत्ता किती भरली हाय?" देवकाबाईंनी विचारलं.

"फुल्ल," केशवराव सवयीनं बोलून गेले. "दोन्ही."

देवकाबाईंनी चुलीजवळच्या ढिगातून कपाशीच्या पऱ्हाटीची एक सरळ काडी उपसली. मळ्यातल्या इंजिनाचं डिझेल त्या अशीच काडी बुडवून पाहत. काडी घेऊन त्या फाटकाबाहेर निघाल्या. मागून बापूजी, त्यांच्या मागून केशवराव, आणि सगळ्यांच्या मागून उत्तम. वरातीची रंगीत तालीम असावी तसं ते दिसत होतं, फक्त कुणी नाचत नव्हतं.

देवकाबाईंनी दुसऱ्या टाकीचं झाकण फिरवलं, काडी तळापर्यंत घातली आणि बाहेर काढली. काडी कोरडी ठणठणीत होती. टोकाला पांढरं जाळं लागलं होतं.

"कोळी राहून राहिला हिच्यात," त्या म्हणाल्या.

"उन्हानं उडते डिझेल," केशवराव म्हणाले. "यंदा ऊन लवकरच पडून राहिलं."

"टाकी जोडलीच नाही," मागून आवाज आला. उत्तम बोलत होता. "नळीच नाही लावली तिले. भरली का गाडी मागून बसते, मंग संत्र्याचे सहा खोके उतरवा लागते. बाबाले म्हटलं होतं मी, काढून टाकू."

पोरगा बोलत नाही ही तक्रार तीन घरांनी का केली असेल, ते त्या क्षणी केशवरावांना अजिबात समजेना. खिडकीतून कुणीतरी फिस्सकन हसलं. ती अनुराधा असावी.

सोयरीक हातची चालली होती. केशवरावांनी शेवटचा जोर लावला.

"अवो बाई, टाकीचं सोडा! बस हाय ना! दर तासाले सुटते पांढुर्ण्याहून. तिकिटाचे पैसे हातात देले का पोरगी तुमच्या दारात. डिझेल कायले पाह्यजे?"

देवकाबाईंनी काडीचं जाळं बोटानं पुसलं.

"बस तं लोधीखेड्यालेही जाते," त्या म्हणाल्या. हे बोलताना त्या केशवरावांकडे पाहत नव्हत्या, बापूजींकडे पाहत होत्या.

बापूजींनी आभाळाकडे पाहिलं, कान खाजवला. मग सौदा कधीही घाईनं न करणारा तो माणूस एकदम मोठ्यानं म्हणाला, "पोरगा पसंत हाय आपल्याले! चला, चला घरात! साखर आना जी कोनी!"

परतताना पांढुर्ण्यापर्यंत केशवराव खुशीत होते. "पाह्यलं?" ते गाडी चालवणाऱ्या उत्तमला म्हणाले. "टाकीनं काम केलं."

उत्तमनं गिअर बदलला.

लोधीखेडा हे देवकाबाईंचं माहेर. सौसरहून बसनं अर्धा तास लागतो. बापूजींनी त्यांना तिथं शेवटचं धाडलं, त्याला चार वर्षं झाली होती.