लाल ठिपके

"ते लाल ठिपके माझे आहेत," निशिकांत म्हणाला.

सुचित्राला आधी कळलंच नाही. परदेशातल्या या शहरात काँक्रीटच्या काठांत जखडलेल्या नदीचं गेट अधूनमधून उघडायचं, पाणी शेजारच्या गवताळ सखल जमिनीवर पसरू द्यायचं, काही दिवस राहू द्यायचं, म्हणजे मासे तिथं पुन्हा अंडी घालायला येतील, असा तिचा प्रकल्प. दोन वर्षांत आला तो चिखल. समोरच्या ब्लॉकमधली आजी तर दिसली की "सो मेनी मॉस्किटो, लाह" म्हणून तिलाच धारेवर धरायची. उद्याच्या बैठकीत गेट कायमचं बंद व्हायचं होतं. आणि आज, उजेड कमी होता होता, तिला त्या पाण्यात लाल ठिपक्यांचा एक पुंजका हलताना दिसला. मरळीची, म्हणजे इथल्या हरुआनची, पिल्लं अशीच लाल असतात. लांबून काढलेला तो फोटो तिनं बैठकीसाठी पहिल्याच पानावर टाकला होता.

"तुझे म्हणजे?"

"पासिर रिसच्या दुकानातून छोटे लाल मासे आणले. रविवारी सोडले." त्यानं चष्मा काढून उगाच पुसला. "तू रोज तोंड पाडून घरी येतेस. वाटलं, मासे दिसले की तुला बरं वाटेल. पण तू ते बैठकीत दाखवशील, हे डोक्यातच आलं नाही."

विकतचे मासे पाण्यात सोडायला बंदी आहे, हे त्याला ठाऊक होतं. तिचा नवरा म्हणजे बँकेत दिवसभर दुसऱ्यांना नियम शिकवणारा माणूस. सुचित्रानं खूप बोलायला हवं होतं, पण रागवायलाही अंगात त्राण लागतं. तिनं फोटो काढून टाकला आणि कुकर लावला.

सकाळी बैठकीआधी ती जाळी घेऊन निघाली. दुकानातले मासे नदीत शिरण्याआधी काढणं भाग होतं. निशिकांत बादली घेऊन मागोमाग आला.

ती गुडघाभर पाण्यात उतरली. लाल पुंजका कालच्याच जागी होता. तिनं अलगद त्याच्याखाली जाळी सरकवली.

खालून असा दणका बसला, की दांडा हातातून निसटला. हातभर लांब, काळपट मरळ गर्रकन वळली आणि पुन्हा त्या लाल ठिपक्यांच्या खाली येऊन उभी राहिली. ठिपके पळाले नाहीत. तिच्या पाठीवर गोळा झाले.

सुचित्राला रडू आलं. दोन वर्षांचं होतं, तिनं ते येऊ दिलं.

निशिकांत बादली धरून अजून पाण्यात शोधत होता. "मग माझे मासे गेले कुठे गं?"

"बाळंतिणीनं खाल्ले," नाक पुसत ती म्हणाली. "डिंकाचे लाडू पोचवलेस तू तिला."