ठरल्या वेळेची कामं

“ह्यात न्हाय,” म्हणत संयोगितानं तिसरं पुस्तकही मिटलं.

रशीदभाईंनी ते उचलून बाजूला ठेवलं. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या त्यांच्या दुकानात कॉम्प्युटरच्या पुस्तकांचं कपाट एकच, आणि त्यात लिनक्स प्रणालीचा खण एकच. “वैनी, गिऱ्हाईक किंमत बघतंय, चित्रं बघतंय. तुम्ही सरळ अनुक्रमणिकेला हात घालताय. शिकायचंय कुणाला?”

“आमच्या ह्यांना.”

“मग हे घ्या की. नवशिक्याला सोपं हाय. कॉम्प्युटर चालू कसा करायचा, हितनं सुरुवात.”

“चालू तो हायच, भाऊ. गप कसा बसवायचा ते बघायचंय.”

रशीदभाई हसले. ती हसली नाही.

हुपरीत त्यांच्या घराला लागूनच पैंजणांचा कारखाना होता. तो उभा करणारे सासरे, बाळासो, जाऊन वर्ष उलटलं होतं. कारखान्यातले कॅमेरे त्यांच्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर चालायचे, म्हणून तो कधीच बंद होत नसे. दिवाळीपासून मात्र रोज दिवेलागणीला, कारागीर घरी गेल्यावर, कुलूप घातलेल्या कारखान्यातून आधी खोकला यायचा. ओळखीचा, छातीतून आलेला. मग आवाज यायचा, “च्या ठेव गं. आलोच.”

पहिल्या दिवशी संयोगिताच्या हातातलं निरांजन पडलं होतं. आता पडत नसे, पण सांजवातीचं स्तोत्र मध्येच तुटायचं आणि पुढची ओळ आठवायची नाही. मामंजींच्या जिवाला गती मिळावी म्हणून तिनं सोमवार धरले. आवाज थांबला नाही. घरात एकट्या आक्का, तिच्या सासूबाई, त्या आवाजानं दचकत नसत. त्या उठायच्या आणि दोन कपांचं आधण ठेवायच्या.

कृष्णातनं, तिच्या नवऱ्यानं, एकदा वायर उपटायला हात घातला होता. आक्का दारात येऊन एवढंच म्हणाल्या, “बोलू दे की त्यांना.” त्याचा हात खाली आला तो आलाच. पण त्यालाही झोप नव्हती. आज सकाळी संयोगिताला एस्टीत बसवताना तो म्हणाला होता, “चांगलं जाडजूड पुस्तक आण. मी बसतो वाचत. मशीनचा खेळ असला, तर आक्काला न सांगता त्याच दिवशी पुसून टाकतो. आणि पुस्तकात असलं काय नसलंच, तर आबाच हाईत. मग हात जोडू आणि राहू.”

तो मशीनचाच खेळ निघावा असं तिला मनापासून वाटत होतं. भूत असलेल्या घरात दिवा लावणं तिला आता झेपत नव्हतं.

“नेमकं काय पायजे ते तरी सांगा,” रशीदभाई म्हणाले.

तिनं आवाज खाली आणला. “कुणी हात न लावता, रोज ठरल्या वेळेला, कॉम्प्युटर आपोआप एखादा आवाज काढील. असं काय असतंय का?”

रशीदभाईंनी तिच्याकडं जरा निरखून पाहिलं. मग खणाच्या मागच्या रांगेतून निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक काढलं. पान शोधावं लागलं नाही. पुस्तक आपोआप तिथंच उघडलं. ठरल्या वेळेची कामं. एकदा सांगून ठेवलं की माणूस असो नसो, कॉम्प्युटर ते काम करत राहतो.

संयोगितानं डोळे मिटले. मामंजी नव्हते तर. मशीन होतं. कितीतरी दिवसांनी तिला पुरता श्वास घेता आला.

“नवल हाय,” रशीदभाई म्हणत होते. “ह्याच पानासाठी दसऱ्याच्या सुमाराला एक आज्जी यायच्या. शुक्रवारी, अंबाबाईचं दर्शन झालं की. नऊवारी, चष्म्याची काडी लाल दोऱ्यानं बांधलेली. पुस्तक घेतलं न्हाय. ह्या स्टुलावर बसून वाचायच्या, अडलेला इंग्रजी शब्द मला इचारायच्या. शेवटी पाठच केलं त्यांनी, स्तोत्र केल्यागत.”

तो लाल दोरा संयोगितानंच बांधला होता. चांदीच्या वजनाचा हिशेब आक्काच त्या कॉम्प्युटरवर चढवत. मामंजींच्या मागं त्या यंत्राला हात लावणारं घरात दुसरं कुणी नव्हतं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“कशाला पायजे म्हणाल्या?” तिनं विचारलं.

“मालकांचा आवाज हाय म्हणाल्या मोबाईलात. एस्टीतनं घरी येताना धाडलेला. मी म्हटलं, मग मोबाईलवरच ऐका की आज्जी, बटण दाबलं की झालं.” पुस्तकावरची नसलेली धूळ रशीदभाईंनी हातानं पुसली. “तर म्हणाल्या, बटण मी दाबलं तर मीच त्यांना बोलावल्यागत हुतंय, बाळा. हाक त्यांनी मारली पायजे.”

बाहेर कुणीतरी मोटरसायकलचा हॉर्न वाजवत गेलं. संयोगिता त्या पानाकडं बघत राहिली. पान मधोमध, बोट फिरवून फिरवून मळलेलं होतं.

“बांधू का हेच? ह्याच्यापेक्षा चांगलं तुम्हाला कोल्हापुरात गावायचं न्हाय.”

तिनं पुस्तक हळूच मिटलं, कपाळाला लावलं आणि दोन्ही हातांनी परत त्यांच्या पुढं सरकवलं.

“हे नको, भाऊ,” ती म्हणाली. “ज्यात हे प्रकरण न्हाय, असलं एखादं जाडजूड द्या.”